हातांचा कंप आणि उंदराचे एक जनुक

प्रौढ वयात हातांना कंप सुटणे ही तक्रार वैद्यकास नवी नाही. वार्धक्य, अतिश्रम, अवटू ग्रंथीचे विकार, कंपवात, किंवा घराण्यातील एक खोड म्हणून सोडून दिला जाणारा निरुपद्रवी कंप अशी त्याची नाना कारणे असतात. परंतु भारतातील काही कुटुंबांत हा कंप एका ठरावीक क्रमाने प्रकट होतो. चाळिशीच्या आगेमागे प्रथम पेला उचलताना किंवा सही करताना हात थरथरू लागतो. काही वर्षांनी मानही डुलू लागते. पुढे चालताना तोल जातो, उच्चार अस्पष्ट होतात, आणि उतारवयात काहींची स्मृतीही क्षीण होते. व्याधीची गती मंद असते. रुग्ण तिच्यासह अनेक वर्षे जगतो. माता अथवा पिता यांपैकी एकास ती असल्यास प्रत्येक अपत्यास ती प्राप्त होण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलगा वा मुलगी असा भेद ती करीत नाही. निमस्तिष्काच्या, म्हणजे लहान मेंदूच्या, झिजेमुळे उद्भवणाऱ्या आनुवंशिक व्याधींच्या मालिकेत तिचा क्रमांक बारावा असून वैद्यकीय ग्रंथांत ती ‘एससीए-१२’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

या व्याधीचे मूळ मानवाच्या पाचव्या गुणसूत्रावरील एका जनुकापाशी आहे. ते जनुक स्वतः कोणतेही विकर निर्माण करीत नाही. एका विकराने कोठे जाऊन काम करावे हे ठरविणारे प्रथिन तेवढे निर्माण करते. असे दुय्यम वाटणारे प्रथिन मेंदूच्या आरोग्याशी इतके निगडित का असावे, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग उंदराच्या व त्याच्यासारख्या लहान प्राण्यांच्या पेशींतून हाती आला आहे. त्या उत्तराचा परिचय करून देणे आणि भारतीय रुग्णांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फॉस्फेटची कळ

पेशीतील प्रथिने एकदा तयार झाली की आयुष्यभर एकाच गतीने काम करीत राहतात, असे नाही. गरजेप्रमाणे त्यांना जागे करावे लागते व गरज संपताच निजवावे लागते. याकरिता निसर्गाने योजलेली सर्वांत व्यापक युक्ती म्हणजे प्रथिनाला फॉस्फेटचा एक लहानसा गट जोडणे व तो पुन्हा काढून घेणे. अमेरिकेतील सिॲटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज या दोघा शास्त्रज्ञांनी १९५५ साली स्नायूंतील साखरेचा साठा मोकळा करणाऱ्या विकराचा अभ्यास करताना ही युक्ती उघडकीस आणली. तिचे महत्त्व पूर्णपणे ध्यानात येण्यास बराच काळ लागला; त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९२ साली.

फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांस ‘किनेज’ व तो काढून घेणाऱ्या विकरांस ‘फॉस्फेटेज’ म्हणतात. दीर्घकाळपर्यंत संशोधकांचे लक्ष पहिल्या वर्गाकडेच अधिक होते. जोडणे हे कर्तृत्वाचे व काढणे हे केवळ झाडलोटीचे काम, अशी काहीशी समजूत रूढ होती. वस्तुतः जी कळ दाबता येते पण सोडता येत नाही, ती कळ निरुपयोगीच म्हटली पाहिजे. फॉस्फेट केव्हा व कोठे निघावा याचेही नियमन तितकेच काटेकोर असावे लागते.

येथे एक विसंगती दृष्टीस पडते. मानवी जनुकसंचात किनेज-विकरांची संख्या ५०० हून अधिक आहे. सेरीन व थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरील फॉस्फेट काढणारी विकरे मात्र त्यांच्या तुलनेने अगदीच थोडी आहेत. शेकडो जणांनी लावलेल्या कड्या मूठभर लोकांनी उघडावयाच्या, आणि त्याही नेमक्या हव्या त्याच, हे कसे साधावे? याचे उत्तर नियामक प्रथिनांत सापडते.

एक माग, अनेक नक्ष्या

सोलापूरच्या वाचकास ही व्यवस्था समजावून घेण्यास दूर जावयास नको. सोलापुरी चादर ज्या जेकार्डच्या मागावर विणली जाते त्यात धोटा तोच असतो, ताणा व बाणाही तेच असतात. कोणत्या वेळी कोणते ताण्याचे धागे उचलले जावेत हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ठरविते. माळ बदलली की त्याच मागावर वेगळी नक्षी उतरते. पुठ्ठा स्वतः एक धागाही विणत नाही. तथापि नक्षी त्याचीच असते.

‘पीपी२ए’ या नावाने ओळखले जाणारे फॉस्फेटेज बहुतांशी याच रीतीने काम करते. त्याचे तीन घटक असतात. पहिला आधारघटक, तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला असून इतर दोघांना धरून ठेवतो. दुसरा कार्यघटक, फॉस्फेट काढण्याचे प्रत्यक्ष कार्य त्याचे. तिसरा नियामक घटक. संकुलाने पेशीच्या कोणत्या भागात जावे व कोणत्या प्रथिनास हात घालावा हे प्रामुख्याने तो ठरवितो. पहिले दोन घटक जवळजवळ सर्वत्र सारखेच असतात. तिसऱ्याचे मात्र चार परिवार असून त्यांची जनुके अनेक आहेत, आणि एकेका जनुकापासून अनेक रूपे तयार होत असल्याने संभाव्य संकुलांची संख्या पुष्कळ वाढते. अशा रीतीने एकच विकर निरनिराळ्या ऊतींत निरनिराळी कामे करू शकते.

प्रस्तुत जनुक या नियामक घटकांपैकी एकाचे आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘पीपीपी२आर२बी’ असे असून त्यापासून होणाऱ्या प्रथिनास ‘बी-बीटा’ म्हणतात. मानवात ते पाचव्या व उंदरात अठराव्या गुणसूत्रावर आहे. दोन्ही प्राण्यांत ते मुख्यत्वेकरून मेंदूत कार्यरत असते. यकृत अथवा स्नायू यांच्या व्यवहारात त्याला विशेष स्थान नाही. या जनुकाच्या बिघाडाचा परिणाम मेंदूवरच का होतो, याचा पहिला धागा येथेच मिळतो.

जनुकाची दोन रूपे

बी-बीटा प्रथिन प्रामुख्याने दोन रूपांत आढळते. दोन्ही रूपांचा बराचसा भाग तंतोतंत सारखा असतो. फरक असतो तो केवळ आरंभीच्या थोड्याशा अमिनो आम्लांत. हा फरक दिसावयास लहान असला तरी परिणामाने मोठा आहे. पहिले रूप पेशीद्रवात वावरते. दुसऱ्या रूपाच्या आरंभीचा तुकडा हा जणू पत्ता लिहिलेला लखोटा होय. तो प्रथिनास तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या कणिकेच्या, बाह्य आवरणापाशी नेऊन पोहोचवितो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात स्टीफन स्ट्रॅक यांच्या प्रयोगशाळेने हा शोध लावला व पुढील अनेक वर्षे त्याचा पाठपुरावा केला.

तंतुकणिका ही पाठ्यपुस्तकातील चित्रात एखाद्या घेवड्याच्या दाण्यासारखी स्थिर दाखविलेली असते. प्रत्यक्षात ती सतत रूप बदलत असते. दोन कणिका जुळून एक लांब तंतू होतो. लांब तंतू तुटून त्याच्या लहान कणिका होतात. तुटण्याचे काम ‘डीआरपी-१’ नावाचे प्रथिन करते. ते कणिकेभोवती वेढा घालते व आवळत जाऊन तिचे दोन भाग करते. या प्रथिनावर विशिष्ट ठिकाणी फॉस्फेट बसला म्हणजे त्याचे कार्य मंदावते व कणिका लांब राहतात. फॉस्फेट निघाला म्हणजे ते जागे होते व कणिका तुटू लागतात. हा फॉस्फेट काढणाऱ्यांमध्ये बी-बीटाच्या दुसऱ्या रूपाने तंतुकणिकेपाशी आणलेले पीपी२ए हे एक आहे. तात्पर्य, चेतापेशीतील तंतुकणिका किती तुटाव्यात याचे नियमन काही अंशी या जनुकाच्या हाती आहे.

चेतापेशीच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा असतो. तिच्या शाखा दूरवर पसरलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांपर्यंत ऊर्जा पोहोचवावी लागते. कणिका फारच लांबल्या तर त्यांना अरुंद शाखांतून वाहून नेणे कठीण होते. फारच तुटल्या तर त्यांची ऊर्जानिर्मिती ढासळते व पेशी मृत्यूकडे झुकते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या याच प्रयोगशाळेच्या संशोधनातून हा तोल स्पष्ट झाला. संवर्धित चेतापेशींत कणिका लांब राहू दिल्या असता शाखा अधिक वाढल्या, पण पेशी-पेशींमधील संधिस्थाने मात्र कमी झाली. म्हणजे दोन्ही टोके हानिकारक. हित आहे ते मध्यावर.

उंदराची साक्ष

एखाद्या जनुकाचे कार्य ओळखण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे ते काढून घेऊन काय बिघडते हे पाहणे. मानवात हे करता येत नाही. उंदरात ते करण्याची रीत १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाली, आणि तिच्याबद्दल मारिओ कॅपेची, मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. उंदराचा जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या सुमारे ८० टक्के जनुकांना मानवात नेमके एकेक समकक्ष जनुक असल्याचे दिसून आले. प्रस्तुत जनुक त्यांपैकीच होय. यामुळेच उंदराची साक्ष मानवाच्या बाबतीत ग्राह्य ठरते, अर्थात तिच्या मर्यादा ओळखून.

आरंभीचा पुरावा संवर्धित पेशींचा होता. प्रयोगशाळेत वाढविलेल्या चेतापेशींत बी-बीटाच्या दुसऱ्या रूपाचे प्रमाण वाढविले असता तंतुकणिका तुटत गेल्या आणि आघात होताच पेशी अधिक सहजपणे मृत्यू पावू लागल्या. ते प्रमाण कमी केले असता पेशी अधिक तग धरू लागल्या. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली फळमाश्यांवरील संशोधनाने त्यांस पुष्टी दिली. माश्यांत या जनुकाच्या समकक्ष जनुकाचे कार्य अतिरिक्त प्रमाणात घडवून आणले असता तंतुकणिका बिघडल्या आणि चेतापेशींची झीज झाली.

परंतु संवर्धित पेशी व माशी यांवरून सस्तन प्राण्याच्या जिवंत मेंदूविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरले असते. ज्यांच्यात बी-बीटाचे दुसरे रूप मुळीच नाही असे उंदीर तयार करून स्ट्रॅक यांच्या गटाने ही उणीव भरून काढली. या उंदरांच्या मेंदूत डीआरपी-१ वरील फॉस्फेटचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे वाढलेले आढळले. त्यानंतर मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ खंडित करून पक्षाघातासारखी स्थिती निर्माण केली असता, सामान्य उंदरांच्या मानाने या उंदरांच्या मेंदूचा कमी भाग मृत झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर जनुकाचे कार्य संपूर्ण प्राण्यात सिद्ध झाले. दुसरे असे की, त्या विशिष्ट रूपाच्या अभावी प्राणी जगू शकतो, इतकेच नव्हे तर एका प्रकारच्या आघातापासून त्याचे संरक्षणही होते.

यावरून हे प्रथिन निरर्थक अथवा घातक आहे असे मात्र समजू नये. पक्षाघात ही काही तासांची घटना आहे. आयुष्य ही अनेक वर्षांची. आणीबाणीत जे हितकारक ते नित्य व्यवहारातही हितकारक असेलच असे नाही. संधिस्थानांवरील प्रयोगांचा इशारा याच दिशेने आहे.

आधिक्य की अभाव?

आता मूळ व्याधीकडे वळता येईल. १९९९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जर्मन वंशाच्या एका मोठ्या अमेरिकन कुटुंबाचा अभ्यास करून व्याधीचे कारण शोधून काढले. जनुकाच्या आरंभीच्या भागात सायटोसीन, ॲडेनीन व ग्वानीन या तीन अक्षरांचा एक गट पुनःपुन्हा आलेला असतो. निरोगी माणसात ही पुनरावृत्ती साधारणतः तीसपेक्षा कमी वेळा असते. त्या कुटुंबातील रुग्णांत ती ६६ ते ७८ वेळा आढळली.

हंटिंग्टनच्या व्याधीतही अशीच पुनरावृत्ती लांबते. परंतु तेथे ती प्रथिनाच्या संहितेतच असल्यामुळे प्रथिनाची घडण विकृत होते. एससीए-१२ मध्ये ती बी-बीटा प्रथिनाच्या संहितेबाहेर, जनुकाच्या चालू-बंद होण्याचे नियंत्रण करणाऱ्या भागापाशी आहे. म्हणजे बी-बीटाची घडण बिघडत नाही. बिघडत असेल तर त्याचे प्रमाण. पेशींवरील प्रयोगांत पुनरावृत्ती लांबली असता या भागाची कार्यक्षमता वाढते असे दिसले आहे. याला उंदीर व माशी यांच्या साक्षीची जोड दिली असता एक सुसंगत कल्पना तयार होते: पुनरावृत्ती लांबते, प्रथिन अधिक बनते, तंतुकणिका अधिक तुटतात, आणि कित्येक वर्षांनी पेशी थकून नष्ट होतात.

ही कल्पना आकर्षक असली तरी सिद्ध झालेली नाही. लांबलेल्या पुनरावृत्तीची जी प्रत आरएनएच्या रूपाने निघते तीच पेशीस विषारी ठरत असावी, असाही एक पक्ष आहे. या दोन पक्षांतील निवड केवळ पंडितांच्या वादाची बाब नव्हे. दोष प्रथिनाच्या आधिक्याचा असेल तर जनुकाचे कार्य मंदावणे अथवा डीआरपी-१ ला आवर घालणे हा उपचाराचा मार्ग ठरेल. दोष आरएनएच्या प्रतीचा असेल तर केवळ तंतुकणिकांना सांभाळून भागणार नाही. ती प्रतच नष्ट करावी लागेल. आणि कोठे अभाव हेच कारण असेल तर जनुक मंदावणारे औषध रुग्णाला अपायच करील. उपचाराची दिशा चुकू नये म्हणून जनुकाचे कार्य आधी समजले पाहिजे, ते याकरिता. मानवी जनुकाचा लांबलेला भाग उंदराच्या जनुकात घालून व्याधीची प्रतिकृती निर्माण करण्याचे प्रयत्न याच निर्णयासाठी चालले आहेत. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्था येथील संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या पेशींपासून मूलपेशी तयार केल्या आहेत. चेतापेशी घडवून अभ्यासण्याचे तेही एक साधन आहे.

भारतातील रुग्ण

एससीए-१२ जगात इतरत्र अतिशय विरळ आहे. भारतात मात्र ती तितकी विरळ नाही. दिल्लीतील संशोधकांनी २००१ साली पाच भारतीय कुटुंबांतील व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे २००५ साली असे दाखविण्यात आले की, भारतीय रुग्णांपैकी बहुतेक कुटुंबे मूळच्या उत्तर भारतीय अगरवाल समाजातील असून, त्यांच्या या जनुकाच्या शेजारची गुणसूत्रावरील खूणही एकच आहे. म्हणजे अनेक पिढ्यांपूर्वी एका पूर्वजात घडलेला बदल वंशजांत उतरत आला आहे. समाजांतर्गत विवाहाची रूढी जेथे दीर्घकाळ टिकते तेथे असा बदल त्या समाजापुरता साचून राहतो. यात त्या समाजाचा कोणताही दोष नाही. भारतातील पुष्कळसे समाज याच रूढीने बांधलेले असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला असे काही ना काही पूर्वजांचे देणे आलेले असावयाचेच.

व्यापाराच्या निमित्ताने उत्तरेकडील कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून महाराष्ट्रातील बाजारपेठांत स्थायिक झाली आहेत. कापडाची मोठी पेठ असलेले सोलापूर त्यास अपवाद नाही. म्हणून येथील वैद्यकांनी ही व्याधी दिल्लीची म्हणून दूर ठेवणे योग्य होणार नाही. मध्यम वयात हातांचा कंप घेऊन आलेल्या रुग्णास आई, वडील, काका, आत्या यांपैकी कोणाचे हात कापत असत काय, आणि पुढे त्यांचा तोल जात असे काय, हे दोन प्रश्न विचारण्यास खर्च लागत नाही. तसा इतिहास असल्यास रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून पुनरावृत्तीची लांबी मोजता येते. पन्नासाहून अधिक पुनरावृत्ती आढळल्यास निदान बहुधा निश्चित होते. तीस ते पन्नास यांमधील आकड्यांचा अर्थ लावताना मात्र तज्ज्ञाचा सल्ला घेणे अगत्याचे असते.

निदानाने व्याधी बरी होत नाही. ती समूळ बरी करणारे औषध उपलब्ध नाही. तथापि निदानाचे लाभ थोडे नाहीत. कंपवाताची औषधे वर्षानुवर्षे व्यर्थ घेणे टळते, कंप कमी करणारी औषधे व तोल सांभाळण्याचे व्यायाम वेळीच सुरू करता येतात, आणि कुटुंबास पुढील आयुष्याची आखणी करण्यास अवधी मिळतो. ज्यांना अद्याप लक्षणे नाहीत अशा तरुण नातेवाइकांची गोष्ट निराळी. स्वतःविषयी जाणून घेणे अथवा न घेणे हा सर्वस्वी त्यांचा अधिकार आहे. विवाह जुळविण्याच्या वेळी दुसऱ्याने त्यांच्यावर चाचणीची सक्ती करणे अन्यायाचे होईल. चाचणीपूर्वी व चाचणीनंतर समुपदेशन अवश्य असले पाहिजे.

पुठ्ठ्यावरील एक भोक चुकले तर चादरीची नक्षी बिघडते, आणि ती का बिघडली हे शोधण्यासाठी कारागीर माग मोडीत नाही. पुठ्ठ्यांची माळ हाती घेऊन तपासतो. एससीए-१२ च्या बाबतीत संशोधक नेमके हेच करीत आहेत. पीपी२ए हे विकर सर्व शरीरास आवश्यक असल्यामुळे त्यालाच रोखणारे औषध रुग्णाला तारण्याऐवजी मारील. त्याच्या मेंदूतील एका नियामकाच्या एका रूपास हात घालता आला तर मात्र उर्वरित शरीराला धक्का न लावता उपचार करण्याची शक्यता निर्माण होते. त्या एका रूपावाचून सस्तन प्राणी जगू शकतो, हे उंदराने दाखवून दिले आहे. त्यावाचून रुग्णाच्या मेंदूची झीज थांबते काय, एवढे सिद्ध व्हावयाचे राहिले आहे.